नो-कोडने ऑनलाइन व्यवसाय: आधी हाताने चालवा, मग टूलवर सोपवा

नो-कोडकडे, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट आणि ॲप बांधू देणाऱ्या टूल्सकडे, वळलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं टूल शिकू? बबल की वेबफ्लो, एअरटेबल की नोशन? या तुलनेत आठवडेच्या आठवडे जातात. व्हिडिओ बघून होतात, चार ठिकाणी खाती उघडून होतात, आणि विकायला हाताशी काहीच नसतं. म्हणून या लेखात टूलची पाळी मुद्दाम उशिरा येते. आधी काम, मग त्या कामाची माहिती नीट मांडणं, मग टूल आणि पेमेंट, आणि त्यानंतर ऑटोमेशन, म्हणजे ठरलेली कामं टूलकडून आपोआप करून घेणं. हा क्रम उलटा केला की तेच काम दोनदा करावं लागतं.

प्रोग्रामिंग येत नाही याचा न्यूनगंड बाळगू नका. कोड न लिहिता संगणकाकडून काम करून घेण्याची कल्पना बरीच जुनी आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क 1979 मध्ये ॲपल टू संगणकावर आलं आणि हिशेब करणारी माणसं प्रोग्रामरची वाट न बघता आपले तक्ते आपणच मांडू लागली. आजच्या टूल्समागेही तेच तत्त्व आहे. तक्त्याच्या जोडीला आता वेबसाइट, लॉगिन, पेमेंट आणि ईमेल आले आहेत, इतकंच. एका टूलमधली गोष्ट दुसरीकडे पोचवणारं झेपियर 2011 मध्ये सुरू झालं, ॲप बांधायचं बबल आणि तक्त्यांचं एअरटेबल 2012 मध्ये. म्हणजे हे क्षेत्र आता चांगलं मुरलेलं आहे. स्प्रेडशीटमध्ये ‘इफ’चा फॉर्म्युला लिहिता येत असेल तर तुमची सुरुवात शून्यापासून नाही.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. टूल कोड लिहिण्याचे कष्ट वाचवतं, विचार तुम्हालाच करावा लागतो. ग्राहकाने पैसे भरले आणि वेळच निवडली नाही तर? एकाच वेळेसाठी दोघांनी बुकिंग केलं तर? असले प्रश्न प्रोग्रामरला चुकत नाहीत तसे तुम्हालाही चुकणार नाहीत.

समजायला सोपं जावं म्हणून सगळ्या लेखात एकच उदाहरण घेऊ: नोकरीच्या मुलाखतीचा ऑनलाइन सराव. उमेदवार पैसे भरतो, त्याच्या क्षेत्रातला अनुभवी माणूस व्हिडिओ कॉलवर त्याची सराव-मुलाखत घेतो आणि नंतर लेखी अभिप्राय पाठवतो. तुमची कल्पना वेगळी असेल, पण पायऱ्या याच राहतील.

## पायरी 1: व्यवसाय एका वाक्यात लिहा

कोणासाठी, कोणती अडचण, किती दिवसांत, कशाच्या बदल्यात. या चारही गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत. ‘पहिली नोकरी शोधणाऱ्या हिशेबनिसांना, अर्ज केल्यापासून तीन दिवसांत, एक सराव-मुलाखत आणि लेखी अभिप्राय, ठरलेल्या रकमेत.’ वाक्यात ‘सगळ्यांसाठी’ किंवा ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द आला तर वाक्य अजून कच्चं आहे असं समजा. हिशेबनिसांपासून सुरुवात केली म्हणून पुढे परिचारिकांना सेवा देता येणार नाही असं थोडंच आहे? पण पहिल्या पन्नास ग्राहकांशी एकाच भाषेत बोलता आलं तर सगळंच सोपं होतं.

नो-कोडला मानवणारे व्यवसाय कोणते, तर बुकिंग, निवडक माहितीची सूची, पैसे भरून मिळणारं सदस्यत्व, अभ्यासक्रम, दोन बाजूंची गाठ घालून देणं, फॉर्म भरून अहवाल मिळवणं, आणि छोट्या संस्थांची अंतर्गत कामं. न मानवणारे म्हणजे वेगवान गेम, प्रचंड गणन लागणारी कामं, आणि लाखो लोक एकाच क्षणी वापरतील असं काहीही. तुमची कल्पना दुसऱ्या गटात मोडत असेल तर हा मार्ग सोडा किंवा कल्पनेचा पहिल्या गटात बसेल असा तुकडा काढा.

## पायरी 2: सेवा आधी हाताने द्या

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच आहे.

1999 मध्ये निक स्विनमर्नने झॅपोस या ऑनलाइन बुटांच्या दुकानाची सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे बुटांचा साठा नव्हता. दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून ते वेबसाइटवर टाकायचे, ऑर्डर आली की त्या दुकानातून बूट विकत घ्यायचे आणि पाठवून द्यायचे. यातून पैसे सुटत नव्हते, पण लोक न घालून बघता ऑनलाइन बूट घेतील का, या एकाच प्रश्नाचं उत्तर त्याला हवं होतं आणि ते मिळालं. सवलतीची कूपनं विकणारं ग्रुपॉनही सुरुवातीला वर्डप्रेसवरच्या साध्या साइटवर चालत होतं आणि कूपनच्या पीडीएफ लोकांना ईमेलने जात होत्या. 2014 मध्ये पीटर लेव्हल्सने नोमॅड लिस्ट सुरू केली ती सगळ्यांना उघडी असलेल्या एका गूगल शीटपासून. राहायला चांगल्या शहरांची माहिती लोकांनीच त्यात भरली.

तुम्हाला लागेल ते एवढंच: एक फॉर्म (गूगल फॉर्म्स किंवा टॅली), पैसे घ्यायची एक लिंक, एक कॅलेंडर आणि तुमचा ईमेल. यावर सराव-मुलाखतीची सेवा आजच सुरू होऊ शकते. वेबसाइट नसली तरी चालेल.

काम करताना शेजारी एक वही उघडी ठेवा. प्रत्येक ग्राहकामागे काय घडलं ते जसंच्या तसं लिहा. वहीचं एखादं पान असं दिसेल: उमेदवाराने पद लिहिलं, पण अनुभव किती वर्षांचा ते लिहिलं नाही, ईमेल करून विचारावं लागलं. सकाळी दहाची वेळ मागितली, तो दुसऱ्या देशात राहतो हे नंतर कळलं. मुलाखत घेणाऱ्याच्या हाती बायोडेटा कॉलच्या पाच मिनिटं आधी पडला. अभिप्राय कधी मिळेल असं उमेदवाराने दोनदा विचारलं.

या चार ओळींतून काय निघालं बघा. अनुभवाचा रकाना सक्तीचा करायचा. टाइमझोन विचारायचा. बायोडेटा आदल्या दिवशी आपोआप जायला हवा. अभिप्रायाची मुदत पहिल्याच ईमेलमध्ये लिहायची. घरी बसून तुम्ही कितीही विचार केला असता तरी या चारही गोष्टी सुचल्या नसत्या. पुढे जे काही बांधाल त्याचा आराखडा या वहीतूनच तयार होतो.

आणि पैसे पहिल्या ग्राहकापासून घ्या. ‘कल्पना मस्त आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण पैसे द्यायची वेळ आली की खरं उत्तर कळतं. सुरुवातीला रक्कम कमी ठेवा, पण शून्य नको. पाच-दहा अनोळखी माणसांनी पैसे दिले, आणि त्यातल्या एखाद्याने दुसऱ्याला पाठवलं, की पुढच्या पायरीवर या. कोणीच दिले नाहीत तर पायरी 1 मधलं वाक्य बदला. टूलवर अजून काहीच खर्च झालेला नाही, त्यामुळे बदलायला जड जाणार नाही.

## पायरी 3: माहितीची मांडणी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचे निम्मे त्रास इथेच टळतात किंवा इथेच जन्माला येतात. पडद्याचा रंग, बटणाची जागा कधीही बदलता येते. चुकीच्या मांडणीत साठलेली शेकडो ग्राहकांची माहिती बदलणं मात्र फार कष्टाचं काम आहे.

नवखा माणूस एकच लांबलचक शीट करतो: नाव, ईमेल, पद, मुलाखत घेणारा, तारीख, रक्कम, अभिप्राय. पहिल्या दिवशी हे चालतं. मग तोच उमेदवार दुसऱ्यांदा येतो आणि त्याचं नाव दोन ओळींत येतं. तिसऱ्या वेळी तो ईमेल बदलतो, आणि आता कुठला ईमेल खरा हे शीट सांगू शकत नाही.

उपाय असा की प्रत्येक ‘वस्तू’ला स्वतंत्र तक्ता द्यायचा. आपल्या उदाहरणात चार तक्ते लागतात: उमेदवार, मुलाखतकार, सत्रं आणि पेमेंट. उमेदवाराची माहिती फक्त उमेदवारांच्या तक्त्यात, एकदाच. सत्रांच्या तक्त्यात त्याचं नाव टाइप करायचं नाही, त्याच्या नोंदीशी दुवा जोडायचा. एअरटेबलमध्ये अशी जोडणी करण्यासाठी खास प्रकारचा रकाना असतो, बबलमध्येही हीच सोय आहे. एकदा दुवा जोडला की उमेदवाराचा ईमेल एका जागी बदलला तरी सगळ्या सत्रांत बरोबर दिसतो, आणि एका मुलाखतकाराची या महिन्यात किती सत्रं झाली हे मोजायला वेगळं काही करावं लागत नाही.

आता सत्रांच्या तक्त्यात डोकावू, कारण व्यवसायाचा जीव तिथे आहे. प्रत्येक सत्राला न बदलणारा क्रमांक हवा. नावावरून शोधायला गेलात तर एकाच नावाचे दोन उमेदवार निघतातच. स्थितीचा रकाना हवा, आणि त्यात मनाला येईल ते लिहिता येता कामा नये, ठरलेल्या यादीतूनच निवडायचं: नवीन, पैसे आले, वेळ ठरली, झालं, अभिप्राय गेला, रद्द. पुढची सगळी ऑटोमेशनं या एका रकान्यावर चालतील. वेळ साठवताना ती एकाच मापात साठवा, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हा सर्वमान्य पर्याय आहे, आणि दाखवताना ज्याच्या त्याच्या टाइमझोनमध्ये दाखवा. रक्कम सत्राच्या नोंदीतही लिहून ठेवा. दरपत्रकाशी नुसता दुवा जोडलात तर पुढच्या वर्षी दर वाढवताच जुन्या सत्रांच्या रकमाही वाढलेल्या दिसतील आणि हिशेब कोलमडेल.

आणि नोंद कधीच पुसू नका. रद्द झालेलं सत्र ‘रद्द’ म्हणून ठेवा. तीन महिन्यांनी रिफंडवरून वाद झाला तर तीच नोंद कामी येते.

माहिती ठेवायचा डबा किती मोठा आहे हेही आधी बघा. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 पॉझिटिव्ह अहवाल काही दिवस आकडेवारीत आलेच नाहीत. एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि त्यापुढच्या ओळी गळून पडत होत्या. धोका असा की टूल कुरकुर न करता माहिती गाळतं. गूगल शीटमध्ये 1 कोटी सेलची मर्यादा आहे. एअरटेबल, ग्लाइड वगैरेंच्या मोफत प्लॅनवर नोंदींची मर्यादा बरीच खाली असते आणि ती अधूनमधून बदलते. प्लॅनच्या पानावर हा आकडा शोधून वहीत लिहून ठेवा.

हे सगळं कागदावर काढा. चार चौकोन, त्यांत रकाने, चौकोनांमध्ये रेघा. हा कागद तयार झाला की टूलची निवड अचानक सोपी होते.

## पायरी 4: आता टूल निवडा

कोणत्याही ऑनलाइन व्यवसायात टूल्सची कामं चारच: माहिती ठेवणं, ती लोकांना दाखवणं, एका ठिकाणची गोष्ट दुसरीकडे पोचवणं आणि पैसे घेणं. काही टूल्स एक काम करतात, काही दोन-तीन.

एकच पान हवं असेल तर कार्ड (Carrd) हे टूल पुरे. मजकुराची मोठी साइट असेल तर वर्डप्रेस किंवा वेबफ्लो. वस्तू विकायच्या असतील तर शॉपिफाय घ्या आणि बाकी विचार करू नका. साठा, कर, पाठवणी यांची तिथली सोय स्वतः बांधण्यात अर्थ नाही. तयार तक्त्यावर लॉगिन असलेलं ॲप हवं असेल तर सॉफ्टर किंवा ग्लाइड. काय घडल्यावर काय व्हावं याचे नियम गुंतागुंतीचे असतील तर बबल, पण ते शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मोबाइल ॲप स्टोअरवर जायचंच असेल तर फ्लटरफ्लो. तरीही पहिल्या वर्षात मोबाइल ॲपच्या मागे लागू नका असंच मी सांगेन. फोनवर नीट उघडणारी वेबसाइट बहुतेक व्यवसायांना पुरते आणि ॲप स्टोअरच्या मंजुरीत दिवस जात नाहीत.

मुलाखतीच्या सेवेसाठी मी एअरटेबल, त्यावर सॉफ्टर, जोडणीला मेक किंवा झेपियर, आणि वेळ निवडायला कॅलेंडली असा संच घेईन.

निवड पक्की करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, बाहेर पडायचा दरवाजा. टूल बंद पडू शकतं, आणि मोठ्या कंपनीचं आहे म्हणून ते टिकेलच असं नाही. गूगलचं ॲप मेकर जानेवारी 2021 मध्ये बंद झालं. ॲमेझॉनचं हनीकोड 2020 मध्ये आलं आणि 2024 मध्ये गुंडाळलं गेलं. त्यांवर काम उभं केलेल्यांना दुसरीकडे जावं लागलं. म्हणून विचारा: माझा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढता येतो का? बांधलेलं ॲप बाहेर नेता येतं का? बबलमधून डेटा निघतो, ॲपचा कोड निघत नाही. वेबफ्लोमधून सशुल्क प्लॅनवर पानांचा कोड निघतो, पण त्यातले फॉर्म आणि सीएमएस (मजकूर साठवायची आणि बदलायची सोय) बाहेर चालत नाहीत. फ्लटरफ्लोमधून फ्लटरचा, म्हणजे ॲप बांधायच्या गूगलच्या साधनसंचाचा, कोड मिळतो. यातलं काही वाईट नाही, पण आत शिरताना माहीत हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे बिल कशावर वाढतं. झेपियर पार पडलेल्या प्रत्येक कृतीला एक टास्क मोजतं. बबलने 2023 पासून कामाच्या भारावर आकारणी सुरू केली. कुठे वापरणाऱ्यांच्या संख्येवर पैसे लागतात, कुठे नोंदींवर. आजच्या बिलाकडे बघून निवड करू नका. ग्राहक दहापट झाले तर बिल किती होईल, याचा हिशेब कागदावर मांडा. सबस्क्रिप्शन वर्षाचं एकदम घेतल्यास सूट मिळते, पण पहिले काही महिने महिन्यामहिन्यानेच पैसे भरा.

## पायरी 5: एक पान आणि पैसे

पानावर काय हवं? वरचं वाक्य (पायरी 1 मधलंच), ग्राहकाच्या हाती नेमकं काय पडेल, किती दिवसांत, किती पैशांत, रिफंड कधी मिळेल, आणि एक बटण. मुलाखतीच्या अभिप्रायाचा खरा नमुना, नाव काढून आणि त्या उमेदवाराची परवानगी घेऊन, तिथे टाकलात तर तो दहा परिच्छेदांपेक्षा जास्त बोलतो. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, टूलच्या नावाचा पत्ता ग्राहकांना देऊ नका. उद्या टूल बदललं तरी पत्ता तोच राहिला पाहिजे.

पेमेंटच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नका: कार्डचा नंबर तुमच्या फॉर्ममध्ये, शीटमध्ये किंवा ईमेलमध्ये कधीच येऊ देऊ नका. स्ट्राइप, पेपालसारख्या सेवांचं तयार चेकआउट पान वापरा, म्हणजे कार्डची माहिती त्यांच्याकडेच राहते. अनेक देशांत विक्री करणार असाल तर पॅडलसारख्या सेवा बघा. त्या कायद्याच्या दृष्टीने स्वतः विक्रेत्या होतात आणि वेगवेगळ्या देशांचे विक्रीकर त्याच गोळा करून भरतात. त्यासाठी त्यांचा वाटा जास्त असतो, पण एकट्या माणसाला तो बहुधा परवडतो. तुमच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या करासाठी मात्र जाणकाराला विचारा.

आता एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. ग्राहकाने पैसे भरले की त्याला ‘धन्यवाद’ पानावर आणायचं आणि ते पान उघडलं की बुकिंग पक्कं करायचं, असं बरेच जण करतात. पण पैसे भरून झाल्यावर त्याचं इंटरनेट गेलं किंवा त्याने खिडकी बंद केली तर? पैसे आले, बुकिंग नाही. उलट, त्या पानाचा पत्ता कोणी दुसऱ्याला दिला तर पैसे न भरताच बुकिंग. म्हणून बुकिंग पक्कं करायचं ते पेमेंट सेवेकडून येणाऱ्या निरोपावर, ज्याला वेबहुक म्हणतात. झेपियर आणि मेक दोन्हीत असा निरोप पकडता येतो.

हा निरोप कधीकधी दोनदा येतो. स्ट्राइपच्या माहितीपत्रातच तसं लिहिलेलं आहे. म्हणून ऑटोमेशनची पहिली ओळ अशी असावी: या क्रमांकाचं पेमेंट आपल्या तक्त्यात आधीच आहे का? असेल तर थांब. नसेल तर नोंद कर आणि सत्राची स्थिती ‘पैसे आले’ कर. ही एक अट घातली नाही तर एकाच ग्राहकाला दोन पावत्या जातात आणि तुमची पहिली तक्रार तयार होते.

## पायरी 6: ऑटोमेशन

वही पुन्हा उघडा. त्यात जे काम सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं आहे आणि ज्यात तुमच्या निर्णयाची गरज नाही, ते आधी टूलवर सोपवा. मुलाखतीच्या सेवेत ते बहुधा आठवणीचा ईमेल असेल. मग बायोडेटा पाठवणं. मग पावती. एका वेळी एकच जोडा, आठवडाभर चालू द्या, मग पुढचं.

रचना प्रत्येक वेळी तीच: काहीतरी घडतं, अट तपासली जाते, कृती होते. उद्याचं सत्र असेल, आणि स्थिती ‘वेळ ठरली’ असेल, तर दोघांना ईमेल पाठव. इथे अटीचा भाग लोक विसरतात आणि रद्द झालेल्या सत्राचीही आठवण जाते.

एक चक्र मात्र टाळा. ‘नोंद बदलली की चालू हो’ असं ऑटोमेशन स्वतःच ती नोंद बदलत असेल तर ते स्वतःलाच पुन्हा चालू करतं, आणि काही तासांत महिन्याचा कोटा संपतो. ठरावीक स्थिती आल्यावरच चालू व्हायची अट घातली की हे होत नाही.

प्रत्येक ऑटोमेशन बिघडलं तर तुम्हाला कळलं पाहिजे. टूलच्या सेटिंगमध्ये चूक झाल्यावर ईमेल पाठवायची सोय असते, ती चालू करा. शिवाय रोज सकाळी ‘पैसे आले, पण दोन दिवसांत वेळ ठरलेली नाही’ अशा सत्रांची यादी उघडून बघा. ही एक नजर पुष्कळ ग्राहक वाचवते.

ग्राहकांसाठी खुलं करण्याआधी मुद्दाम वाकडं वागून बघा. फॉर्म रिकामा पाठवा, बटण दोनदा दाबा, ईमेलमध्ये चूक करा, नावाच्या जागी इमोजी टाका, फोनवरून पैसे भरता भरता मागे जा. खरे ग्राहक हे सगळं करतात.

ईमेल स्पॅममध्ये गेला तर सगळं मुसळ केरात. स्वतःच्या डोमेनवरून ईमेल पाठवायचा आणि त्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करायच्या, म्हणजे ईमेल खरंच तुमच्याकडून आला हे समोरच्या ईमेल सेवेला पटतं. नावं अवघड वाटली तरी काम सोपं आहे: ईमेल सेवा काही ओळी देते, त्या डोमेन जिथे घेतलं तिथल्या डीएनएस (डोमेनच्या नोंदींच्या) पानावर चिकटवायच्या. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं आहे. तुमचे ईमेल थोडे असले तरी पहिल्या दिवसापासून करून टाका.

रिफंड, तक्रार, मुलाखतकाराची निवड ही कामं मात्र हातातच ठेवा. तिथे माणसाचं उत्तर लागतं.

## पायरी 7: दुसऱ्याची माहिती सांभाळा

लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून बायोडेटा दिला आहे. त्यात फोन नंबर आहे, पत्ता आहे, आधीची नोकरी का सोडली तेही कदाचित आहे. नो-कोडमध्ये इथे एक फसवा समज आहे: पडद्यावर रकाना दिसत नाही, म्हणजे तो सुरक्षित आहे. तसं नसतं. पडद्यावर लपवलेली माहितीही ब्राउझरपर्यंत पोचलेली असू शकते आणि थोडी माहिती असलेला माणूस ती वाचू शकतो. बबलमध्ये त्यासाठी ‘प्रायव्हसी रूल्स’ वेगळे लिहावे लागतात. इतर टूल्समध्येही कोणाला कोणती नोंद मिळावी याची सेटिंग असते. ती सेटिंग डेटाच्या पातळीवर करा.

तपासायची पद्धत सोपी आहे. दोन खोटी खाती उघडा. पहिल्यातून स्वतःचं सत्र उघडा, ब्राउझरमधला पत्ता कॉपी करा, दुसऱ्या खात्यातून तोच पत्ता उघडा. समोर पहिल्याची माहिती आली तर त्या क्षणी साइट बंद करून दुरुस्त करा.

सगळ्या टूल्सच्या खात्यांना दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. एपीआय की, म्हणजे एक टूल दुसऱ्याला जोडताना लागणारा गुप्त कोड, ही किल्लीच. ती पानाच्या कोडमध्ये, स्क्रीनशॉटमध्ये किंवा मदत मागताना टाकलेल्या संदेशात जाऊ देऊ नका. लागत नाही ती माहिती मागूच नका. युरोपातले ग्राहक असतील तर 25 मे 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा तुम्हालाही लागू होऊ शकतो. त्यानुसार ग्राहकाला आपली माहिती बघायचा आणि ठरावीक परिस्थितीत ती काढून टाकायला सांगायचा हक्क आहे. वर नोंद पुसू नका म्हटलं, त्याला हा अपवाद: अशी मागणी आली की नाव, ईमेल, बायोडेटा काढा आणि हिशेबाला जेवढं ठेवणं कायद्याने भाग आहे तेवढंच ठेवा.

## एआयच्या टूल्सचं काय?

फेब्रुवारी 2025 मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथीने ‘वाइब कोडिंग’ हा शब्द वापरला आणि तो सगळीकडे गेला. लव्हेबल, बोल्ट यांसारख्या टूल्सना साध्या वाक्यांत सांगायचं आणि ती अख्खं ॲप लिहून देतात. काम खरंच झपाट्याने होतं, आणि ते टाळावं असं मला वाटत नाही. पण फरक ओळखा: बबल किंवा सॉफ्टरमध्ये तुम्ही जे बांधलं ते तुम्हाला पडद्यावर वाचता येतं. एआयने लिहिलेला कोड तुमचा असतो, पण तुम्हाला तो वाचता येत नाही, आणि बिघडला तर पुन्हा एआयलाच विचारावं लागतं. म्हणून लॉगिन, पेमेंट आणि डेटा साठवणं मुरलेल्या सेवांवर ठेवा. पानाची मांडणी, अवघड फॉर्म्युला, एखादं छोटं गणकयंत्र, चाचणीसाठी खोटा डेटा यासाठी एआय खुशाल वापरा. तक्त्यांचा तुमचा कागद त्याला दाखवून ‘यात काय राहिलं?’ असंही विचारा. उत्तरं चांगली येतात.

## पायरी 8: ग्राहक आणा, बांधणं थांबवा

नो-कोडमध्ये बांधणं इतकं सुखाचं असतं की माणूस नवी सोय जोडत बसतो आणि विक्री लांबणीवर पडते. साइट चालू झाल्यावर निदान महिनाभर नवीन काही जोडू नका. तुमचे ग्राहक आधीपासून जिथे एकमेकांशी बोलतात तिथे जा. त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या, एकेकाला नावाने लिहा. चार आकडे दर आठवड्याला टिपा: किती जण पानावर आले, कितींनी फॉर्म भरला, कितींनी पैसे दिले, किती परत आले. फॉर्म भरणारे भरपूर आणि पैसे देणारे थोडे असतील तर किंमत किंवा विश्वास यांत खोट आहे. फॉर्मच कोणी भरत नसेल तर पानावरचं वाक्य बघा. नवी सोय जोडून यातलं काहीच सुधारत नाही.

## प्रोग्रामर कधी बोलवायचा

टूलचं मासिक बिल प्रोग्रामरच्या खर्चाजवळ जायला लागलं, पानं उघडायला वेळ लागतो म्हणून ग्राहक सोडून जाऊ लागले, किंवा एखादी गोष्ट करायला तुम्ही टूलशी झगडत आडवाटेने दहा जोडण्या करू लागलात, तर वेळ आली आहे. तोपर्यंत घाई नको. बोलवाल तेव्हा सगळं नव्याने लिहून घेण्याचा आग्रह धरू नका. अडतं तेवढाच भाग आधी बदला. त्या माणसाच्या हातात तक्त्यांचा कागद, वही, प्रत्येक ऑटोमेशन काय करतं याचं एकेका ओळीतलं वर्णन आणि सीएसव्ही फाइली द्या. हे चार हाती असलेला प्रोग्रामर पहिल्याच दिवशी काम सुरू करू शकतो.

सीएसव्हीचा बॅकअप त्यासाठी थांबू नये. दर महिन्याला प्रत्येक तक्ता एक्स्पोर्ट करा, तारीख घालून टूलच्या बाहेर दुसऱ्या जागी ठेवा, आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून ओळी मोजा, देवनागरी अक्षरं नीट दिसतात का आणि तक्त्यांमधले दुवे क्रमांकांच्या रूपाने आलेत का ते बघा. दुवे नुसत्या नावांच्या रूपाने आले असतील तर प्रत्येक तक्त्यात क्रमांकाचा रकाना जोडून एक्स्पोर्ट पुन्हा करा.